सिस्टर, तुम्हाला झोप लागते का?

सागरगोटा | १२ मे, पहाटे ३:४०

नमस्कार मंडळी.

आज परिचारिका दिन. उजाडलं की फोनवर गुलाबांचे फोटो यायला लागतील. मी आत्ता ड्युटीवर नाही, नाइट ऑफ आहे. घरी पडवीत बसून लिहितेय, कारण अडीचला डोळा उघडला तो मिटलाच नाही. तीन-चार वर्षं हे असंच चाललंय आणि आजवर कुठे लिहिलेलं नाही.

मी रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी रुग्णालयात अधिपरिचारिका आहे. नोकरीला एकोणीस वर्षं झाली. जागरण मला नवं नाही. लेप्टो तापाच्या साथी पाहिल्या, फुरसं साप चावलेले पेशंट रात्ररात्र सांभाळले, आणि सकाळी घरी येऊन उकड्या तांदळाची पेज जेवून दुपारपर्यंत मेल्यासारखी झोपले. ती झोप २०२० मध्ये कोविड आल्यानंतर गेली.

मागच्या जूनमधली गोष्ट. पहिला मोठा पाऊस झाला त्या रात्री पागोळ्यांखाली सासूबाईंनी कळशी ठेवली होती. कळशी भरत आली की आवाज बदलतो, बुडबुड असा. मी झोपेतून उठून भिंतीवर हात फिरवत होते. ऑक्सिजनचा प्रवाह दाखवणारं फ्लोमीटर शोधत होते. ऑक्सिजनला जी पाण्याची बाटली लावतात, तिच्यात अगदी असाच बुडबुडा वाजतो. वाजतोय तोवर पेशंटला ऑक्सिजन जातोय. थांबला की धावायचं. एप्रिल-मे २०२१ मध्ये आमच्या वॉर्डातल्या तीसही खाटांवर तो आवाज चालू असायचा आणि माझे कान पाठमोऱ्यानेही तो मोजत असायचे. वॉर्ड कधीच रिकामा झाला, कान अजून मोजतात.

दुसरी गोष्ट. रात्री कोणी गेलं की त्यांच्या वस्तू आम्हीच लिहून घ्यायचो. नातेवाईक गेटबाहेर. चष्मा १, कवळी १, मोबाइल १, चार्जर १, चपला जोड १. हातात दोन-दोन ग्लव्ह, पेन निसटायचं. एका आजींच्या पिशवीत आगळाची, म्हणजे कोकमाच्या रसाची, छोटी बाटली निघाली. तोंडाला चव नाही म्हणून घरून कोणी दिली असणार. ती वस्तूंमध्ये लिहायची की टाकून द्यायची, हे मला कळेना. हातात धरून उभीच राहिले. शेवटी लिहिली, 'आगळ बाटली १'. अडीचला जाग येते तेव्हा मला चेहरे दिसत नाहीत. ही यादी दिसते.

सात दिवस ड्युटी, मग लॉजवर विलगीकरण, असं आमचं चक्र होतं. पीपीई किट चढवलं की सहा-आठ तास पाण्याचा घोट नाही, बाथरूम नाही. सुटल्यावर अंघोळ करून खाटेवर पडावं तर अंग मोडलेलं आणि डोकं टक्क जागं. घरी आले तर वाडीची बैठक होऊन निरोप आलेला, सिस्टरने काही दिवस विहिरीवर येऊ नये. २२ मार्चला याच वाडीने आमच्यासाठी थाळ्या वाजवल्या होत्या तेव्हा मी रडले होते. मुलगा सव्वाचार महिने माझ्या माहेरी होता.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. झोप नुसत्या दुःखाने उडाली नाही. दुःख होतंच. त्याच्या जोडीला ड्युट्या अशा लागल्या की झोपायची वेळ कोणती हेच शरीराला कळेनासं झालं. इव्हिनिंग करून रात्री नऊला घरी, सकाळी आठला पुन्हा मॉर्निंग, आणि त्याच रात्री नाइट, कारण जिची नाइट होती ती पॉझिटिव्ह आलेली. किती जंबो सिलेंडर लागले, किती किट लागले हे आम्ही रोज दोनदा मोजलं. सिस्टर किती तास झोपली हे कोणीच मोजलं नाही. मीसुद्धा नाही.

तुमच्यापैकी कोणाचं असं होतं का? लिहा. हॉस्पिटलचं किंवा कोणाचंही नाव मात्र नको.


कातळफूल | १२ मे, सकाळी ६:५५

ताई, मी नर्स नाही, नर्सचा नवरा आहे. तुमचं वाचून बायकोला न उठवता बाहेर येऊन बसलो.

आमच्याकडे तिची झोप हा घरातला एक पाहुणाच होऊन बसलाय, सगळे त्याच्या कलाने वागतात. नाइट करून आली की मिक्सर बंद, टीव्ही बंद, खिडकीला काळी चादर. आई सकाळी उशिरा पूजा करते, तर तिने घंटा वाजवणं सोडलं. आरती मनातल्या मनात म्हणते. तिला कोणी सांगितलं नव्हतं. एक दिवस मी पाहिलं, आई घंटा हातात घेऊन तिच्या लोलकाला बोटांनी धरून नुसती ओवाळत होती.

एवढं करूनही बायको तीन तासांवर झोपत नाही. झोपेत बोलते. "लावलं, लावलं" म्हणते. काय लावलं ते विचारलं तर तिला आठवत नाही.

सगळ्यात घाबरलो तो दिवस म्हणजे मे २०२१ मधला. नाइट संपवून स्कूटरने अठरा किलोमीटर येते ती. दारात गाडी लावली आणि म्हणाली, "अहो, आज खाडीवरचा पूल लागलाच नाही." पूल कुठे जाणार! ती पुलावरून आली होती आणि तिला तो पूल आठवत नव्हता. त्या दिवसापासून सकाळी आणायला मी जातो. काम बुडतं, पण जातो.


चुलीवरचा_चहा | १२ मे, सकाळी ८:१०

बाय गो, वाचून रडाक इला. मी कुडाळकडची. माका पण रात्रीचे दोन-अडीच वाजले काय डोळे उघडतत ते उघडेच. घोवाक वाटता मी मोबाइल बघतंय म्हणान झोप येयना. मी मोबाइल बघतंय तो झोप येयना म्हणान.


खलाशी | १२ मे, सकाळी ९:२०

कोणाचं मन दुखवायचं नाही, पण वेगळं मत मांडतो. त्या काळात झोप कोणाची शाबूत होती? मी मर्चंट नेव्हीत आहे. २०२० मध्ये सहा महिन्यांचा करार होता, तेरा महिने जहाजावर होतो. बंदरात उतरू देत नव्हते, रिलीव्हर येत नव्हता. जगभरात माझ्यासारखे चार लाख खलाशी त्या वर्षाअखेरीस अडकले होते. माझे वडील गेले ते मला व्हॉट्सॲपवर कळलं. पोलीस होते, सफाई कामगार होते, स्मशानात काम करणारे होते. आता त्याला काळ लोटला. मागचं उकरून झोप येणार आहे का?


अबोली | १२ मे, सकाळी ११:०५

खलाशी दादा, तुमच्या वडिलांचं वाचून वाईट वाटलं, मनापासून. पण "मागचं" म्हणता, ते माझ्या मागे गेलेलं नाही हो.

मी २०२० मध्ये कंत्राटी भरतीत लागले. वय बावीस, जीएनएमचा, म्हणजे नर्सिंगच्या पदविकेचा, निकाल नुकताच हातात आलेला. पहिली ड्युटीच कोविड आयसीयू. व्हेंटिलेटर शिकताना पाहिला होता तो फक्त पुस्तकात. लाट ओसरली तसे आम्हाला कमी केलं. हातात 'कोविड योद्धा' असं छापलेलं प्रमाणपत्र आहे, आईने ते फ्रेम करून लावलंय. आता खाजगीत आहे, पगार निम्मा, नाइट जास्त.

मी रोज रात्री झोपेसाठी अल्प्राझोलमची गोळी घेते. कोणालाच माहीत नाही. सुरुवातीला पाव मिलिग्रॅम, आता अर्धा मिलिग्रॅमही पुरत नाही. आमच्यात गोळी मिळणं कठीण नसतं. गोळी घेतली नाही त्या रात्री छाती धडधडते, घाम येतो. मध्ये काही महिने असे गेले की सकाळ होऊच नये असं वाटायचं. आता तसं वाटत नाही, किंवा कमी वाटतं. इथे नाव नाही म्हणून लिहिलं.


सागरगोटा | १२ मे, सकाळी ११:३०

अबोली, लिहिलंस ते फार बरं केलंस गं. जेवलीस का? आज ड्युटी कुठली आहे? इथे लिहीत राहा. मी रात्री हमखास जागी असते, हे तर तुला कळलंच.


समई | १३ मे, रात्री १०:१५

मी मानसोपचारात काम करते, अनेक वर्षं कोकणातच. आधी अबोलीशी बोलते.

अबोली, गोळी आज रात्री एकदम बंद करू नकोस. या जातीच्या औषधाची शरीराला सवय लागते, आणि ती अचानक तोडली तर झोप आणखी उडते, धडधड वाढते, क्वचित फिटसुद्धा येते. ती डॉक्टरच्या देखरेखीखाली हळूहळू, कित्येक आठवडे घेऊन उतरवायची असते आणि उतरवता येते. यात तुझ्या स्वभावाचा दोष नाही, त्या रेणूचा तो गुणधर्मच आहे. आणि सकाळ नकोशी वाटली तर त्या क्षणी १४४१६ लाव. टेलिमानस, मानसिक त्रासासाठीची हेल्पलाइन, सरकारी आहे, मोफत आहे, मराठीत बोलतात, रात्री तीनलाही उचलतात. तू नर्स आहेस हे सांगायची गरज नाही, पण सांगितलंस तरी कोणी काही म्हणणार नाही.

आता सागरगोटा यांचा प्रश्न. झोप दोन दोऱ्यांनी ओढली जाते. एक दोरी म्हणजे किती वेळ जागे आहात. जितकं जागरण तितकी ओढ. दुसरी म्हणजे मेंदूतलं घड्याळ, जे डोळ्यांवर पडणाऱ्या उजेडाने लागतं. २०१७ चं वैद्यकाचं नोबेल याच घड्याळाच्या यंत्रणेसाठी मिळालं. नाइट करून सकाळी आठला कोकणातल्या उन्हात बाहेर पडलात की पहिली दोरी झोपेकडे ओढते आणि दुसरी म्हणते, दिवस उगवला, उठ. म्हणून दमलेलं अंग तीन तासांत जागं होतं. बरीच वर्षं रात्रपाळी केली तरी बहुतेकांचं घड्याळ पुरतं उलटत नाही. मॉर्निंग, इव्हिनिंग, नाइट अशी पुढे सरकणारी ड्युटी ते त्यातल्या त्यात सोसतं. इव्हिनिंगवरून मॉर्निंगवर, म्हणजे मागे खेचलं, की फार त्रास होतो.

कातळफूल, तुम्ही आणायला जाता ते योग्यच करता. सलग सतरा तास जागा असलेला माणूस हात-डोळ्यांच्या चाचणीत जसा चुकतो, ते रक्तात दर १०० मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम दारू असलेल्या माणसाच्या जवळपास जातं, असं प्रयोगांत दिसलंय. आपल्या कायद्यात मर्यादा ३० ची आहे. पूल आठवत नाही म्हणजे त्या काही सेकंदांत मेंदू बहुधा झोपला होता.

मग साथ संपल्यावर झोप का आली नाही? पहिली ठिणगी विझते, पण तोवर दुसरंच काही पेटलेलं असतं. महिनोन्महिने खाटेवर तळमळून मेंदू शिकतो की खाट ही जागं राहायची जागा. मग घड्याळ बघणं, उद्याची धास्ती, दुपारी भरपाईची झोप, आणि ती गोळी. यावर गोळीच्या आधी द्यायचा उपचार म्हणजे निद्रानाशासाठीची वर्तनोपचार पद्धत. ऐकायला सोपी, करायला पहिले दोन-तीन आठवडे जड. झोप येईल तेव्हाच खाटेवर जायचं. अदमासे वीस मिनिटांत लागली नाही तर उठायचं, मंद उजेडात काहीतरी नीरस करायचं, पुन्हा पेंग आली की परत. उठायची वेळ शक्य तितकी एक. खाटेवर हिशोब नाही, फोन नाही. जाणकार माणूस सोबतीला असला तर उत्तम, कारण यात खाटेवरचे तासही आधी कमी करावे लागतात, आणि पाळीची नोकरी आणि दुचाकी असणाऱ्यांनी ते मनाने करू नये.

नाइटला असलेल्यांसाठी: चहा-कॉफी रात्री एक-दीडनंतर नको. कॅफीनचा निम्मा भाग पाच-सहा तासांनीही रक्तात असतो. ड्युटीवर निघण्याआधी दुपारी झोप. येताना काळा गॉगल. दोन नाइटच्या मधल्या दिवसांत झोपेचा निदान एक तुकडा, समजा सकाळी नऊ ते बारा, रोज त्याच वेळी.

आणि एक आकडा, अबोलीला आपण एकटेच कच्चे आहोत असं वाटू नये म्हणून. चीनमध्ये ३४ रुग्णालयांतल्या १,२५७ डॉक्टर-नर्सना साथीच्या अगदी सुरुवातीला प्रश्न विचारले होते, तो अभ्यास मार्च २०२० मध्ये छापून आला. निम्म्या जणांत नैराश्याची लक्षणं होती, ३४ टक्क्यांत निद्रानाशाची. नर्स, स्त्रिया आणि थेट कोविड वॉर्डात असलेले, यांना त्रास जास्त तीव्र. पहिल्या एक-दोन महिन्यांतलं हे चित्र. तुम्ही दोन वर्षं काढलीत.


भरती | १३ मे, रात्री ११:५०

मी एएनएम, म्हणजे गावच्या उपकेंद्रातली नर्स, रायगडच्या दक्षिणेला, समुद्राच्या अगदी काठी. हॉस्पिटलमधल्या सिस्टरांइतकं मृत्यू पाहणं माझ्या वाट्याला आलं नाही, म्हणून लिहावं की नाही कळत नव्हतं.

मे २०२० मध्ये चाकरमानी आले, शाळा-शाळांत विलगीकरण. रोज घरोघर फिरून ताप बघायचा. आणि ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ. उपकेंद्राचे पत्रे माझ्या डोळ्यांसमोर माडांवरून उडाले. लसी शीतपेटीत भरून, पेटी मांडीवर घेऊन मी संडासात बसले, कारण स्लॅब तेवढ्यावरच होता. नंतर कित्येक आठवडे वीज नव्हती. ताडपत्रीखाली झोपायचो, पावसात, डासांत, आणि सकाळी पुन्हा ताप बघायला.

मला आता बंद खोलीत झोप लागत नाही. वर आकाश आहे की छप्पर, हे हाताने चाचपून बघते. लोकांना वादळ आठवतं, कोविड आठवतो. दोन्ही एकाच महिन्यात एकाच बाईवर आलं होतं, हे कोणाच्या हिशोबात नाही.


रतांबा | १४ मे, दुपारी १:१०

+१ भरती. माझं घर चिपळूणला, नोकरी खेडकडे. २१ जुलै २०२१ ला नाइटला गेले. २२ ला पहाटे वाशिष्ठीचं पाणी शहरात घुसलं. फोन लागेना, रस्ता बंद, मॉर्निंगची सिस्टर पोचणार कुठून? नाइटची मॉर्निंग झाली, मॉर्निंगची इव्हिनिंग, आणि पुन्हा नाइट. घरात सासरे पायांनी अधू, ते पोटमाळ्यावर आहेत की नाहीत हे मला दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत कळलं नव्हतं. होते. पण मधले ते तास मी इंजेक्शनं भरत होते आणि प्रत्येक डोस दोनदा वाचत होते, कारण अक्षरं हलायची.

पावसाळ्याचे चार महिने मी उशाशी पिशवी भरून झोपते. कागदपत्रं, टॉर्च, चपला. नवरा काही बोलत नाही, त्याची पिशवी माझ्या पिशवीशेजारी असते.


पारिजात | १४ मे, रात्री ९:४०

मी परिसेविका, म्हणजे वॉर्डाची इन्चार्ज सिस्टर, म्हणून निवृत्त झाले, २०२२ मध्ये. दोन दिवस हा धागा वाचतेय. लिहू की नको असं करत आज बसले.

तुम्ही सगळ्यांनी ड्युटी केली. मी ड्युटी लावली.

पेन्सिलने लावायची, खोडरबर जवळ ठेवून. चांगल्या दिवसांत माझे नियम होते. इव्हिनिंगनंतर मॉर्निंग द्यायची नाही. चारपेक्षा जास्त नाइट नाहीत, आणि मग दोन दिवस सुटी. जिचं मूल अंगावर पितं तिला पहिले महिने नाइट नाही. हे कुठल्या पुस्तकात नव्हतं, मला माझ्या मॅडमनी शिकवलं होतं.

एप्रिल २०२१ मध्ये माझ्याकडे बावीस जणी होत्या. एका आठवड्यात नऊ पॉझिटिव्ह. उरल्या तेरा, खाटा दुप्पट. ड्युटीची पाटी घेऊन बसायचे आणि कुठल्या मुलीचं नाव लिहू ते सुचायचं नाही. जी नाही म्हणणार नाही तिचंच नाव लिहिलं जायचं. हे मला तेव्हाही कळत होतं. एका मुलीला मी सलग तीन डबल ड्युट्या लावल्या. चौथ्या दिवशी ती औषधाच्या ट्रॉलीला धरून उभ्या उभ्या झोपली. ट्रॉली सरकली, ती पडली, हनुवटीला चार टाके. टाके मीच घालून घेतले डॉक्टरांकडून, आणि ती मला म्हणाली, "मॅडम, संध्याकाळी येते ना मी."

ती आली. मी येऊ दिलं.

मला झोप लागत नाही ती तिच्यासाठी. पाटी डोळ्यांपुढे येते आणि मी ती पुन्हा लावत बसते. आजही. तेरा नावं कशीही फिरवली तरी ती बसत नाहीत. वर माणसं मागितली होती, लेखी मागितली होती, आली नाहीत. पण त्या मुलीला ते पत्र दिसलं नाही, तिला माझं अक्षर दिसलं.


सागरगोटा | १५ मे, पहाटे ३:०५

मॅडम, मी तुमच्या हाताखाली नव्हते. पण माझ्याही मॅडमनी असंच केलं होतं आणि मला त्यांचा चार वर्षं राग आहे. समोरून आल्या तर मी वाट बदलते. त्या रात्री जाग्या असतील हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

आत्ता एवढंच लिहिता येतंय.


खलाशी | १६ मे, रात्री ८:३०

परवाचं माझं लिहिणं मागे घेतो. सगळ्यांचं सगळं वाचलं, बायकोलाही वाचून दाखवलं.

पारिजातताईंची तेरा नावं वाचून एक सुचलं ते सांगतो. आमच्याकडे झोप मोजतात. उपकार म्हणून नव्हे, कायदा म्हणून. २००६ चा खलाशांचा आंतरराष्ट्रीय करार आहे, भारताने तो २०१५ मध्ये मान्य केला. कुठल्याही २४ तासांत निदान १० तास विश्रांती. सात दिवसांत निदान ७७ तास. ते १० तास फार तर दोन तुकड्यांत, आणि त्यातला एक तुकडा सलग ६ तासांचा हवाच. प्रत्येक माणसाचा महिन्याचा तक्ता असतो, चौकोन रंगवायचे, खाली त्याची सही आणि वरिष्ठाची सही. बंदरात तपासणीस चढला की तो तक्ता मागतो, गंभीर गडबड दिसली तर जहाज अडकवूनही ठेवतो.

हे सहज मिळालेलं नाही. थकलेल्या माणसांनी जहाजं खडकावर घातली, तेव्हा शहाणपण आलं. १९८९ मध्ये अलास्कात एक्झॉन व्हाल्डेझ जहाजाचं तेल सांडलं, त्या चौकशीतही अधिकाऱ्याचा थकवा हे कारण नोंदवलं गेलं. आणि खरं सांगायचं तर तक्ते खोटेही भरले जातात, मीही दोनदा भरलेत. पण तक्ता आहे म्हणून निदान खोटं बोलावं लागतं. तुमच्याकडे तर विचारणाराच नाही.

माझ्या तक्त्याचा नमुना मराठी करून देऊ का? एका पानावर बसतो.


पारिजात | १६ मे, रात्री ९:१५

द्या. एप्रिल २०२१ मध्ये माझ्याकडे असा कागद असता तर वर पाठवलेल्या पत्राला मी तो जोडला असता. "माणसं कमी आहेत" असं लिहिलं की ते सगळेच लिहितात म्हणतात. "या मुलीला सात दिवसांत एकतीस तास मिळाले" असं लिहिलं की कोणाला तरी सही करून नाकारावं लागलं असतं.


कातळफूल | १७ मे, सकाळी ७:००

मलाही पाठवा. बायको म्हणते वॉर्डात लावता येणार नाही, पण आमच्या फ्रिजवर लावू.


अबोली | २६ मे, दुपारी ४:२०

समईताई, गेले होते. जिल्ह्याच्या ठिकाणी, आईला घेऊन. आईला गोळीचं सांगितलं तेव्हा ती आधी रागावली आणि मग गाडीत माझा हात धरून बसली, रत्नागिरी येईपर्यंत सोडला नाही. डॉक्टरांनी झोपेच्या त्रासाचा सात प्रश्नांचा कागद भरून घेतला, अठ्ठावीसपैकी एकवीस आले. गोळी हळूहळू उतरवायची आहे, तक्ता करून दिलाय. काल दोनदा उठून बाहेर ओट्यावर बसले, तुम्ही सांगितलं तसं. समोर कोणाच्या तरी परड्यात रतांबे वाळत घातलेत, त्यांचा वास येत होता.


सागरगोटा | १८ जून, दुपारी ३:५०

धागा वर काढतेय, उशीर झाला.

खलाशी दादांचा कागद झेरॉक्स करून वॉर्डात नेला. आधी कोणी हात लावेना. "कशाला, उद्या यावरूनच मेमो मिळायचा." मग मी माझाच भरून ड्युटी पाटीशेजारी पिनने लावला. आठवड्याने बघते तर शेजारी तीन. आज अकरा आहेत. पहिल्या आठवड्यात माझे ७७ मध्ये ५२ भरले, आणि ते पाहून मलाच धक्का बसला, कारण मी सांगितलं असतं की तो आठवडा हलका गेला.

इव्हिनिंगनंतर मॉर्निंग लावायची नाही, एवढं आमच्या आताच्या इन्चार्ज सिस्टरनी मान्य केलंय, माणसं असतील तेव्हा. नसतील तेव्हा काय, त्याचं पत्र आम्ही अकरा कागद जोडून वर दिलंय. पोच घेतली आहे.

आणि माझ्या त्या मॅडमना फोन केला. निवृत्त होऊन गुहागरकडे असतात. सव्वा तास बोललो. ड्युटीचा विषय दोघींनीही काढला नाही, फणसाच्या गऱ्यांचं आणि नातीचं बोललो. ठेवताना त्या म्हणाल्या, "रात्रीची कधीही कर गं, मी जागीच असते."

कळशी मी पागोळ्यांखालून काढून मागच्या दारी ठेवली. सासूबाईंनी कारण विचारलं, मग मी सांगितलं. आता त्यांनी तिच्यात जुनं फडकं घातलंय, पाणी पडतं त्याचा आवाज होत नाही.

आज नाइट आहे. दुपारी बारा ते साडेतीन झोपले. आत्ता चौकोन रंगवले.